कोर्टाची पायरी चढण्याआधीं वकील पाहून ठेवा
(बाजाराच्या दिवशीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी हंसतील. घरांत दावा नाहीं, फिर्याद नाहीं, पोलीस दारांत आलेला नाहीं, आणि हे मास्तर म्हणतात वकील पाहून ठेवा! आजारी पडण्याआधीं वैद्याचें घर विचारून ठेवणाऱ्यास आपण शहाणा म्हणतों. पण तंटा होण्याआधीं वकिलाचें नांव विचारणाऱ्यास भांडखोर म्हणतों. ही समजूत आपल्या लोकांना फार महाग पडलेली आहे. ती कशी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों. ती अर्धी खरी आहे. हातभर बांधासाठीं दोन भाऊ वीस वर्षें तारखा करतात आणि शेवटीं दोघांच्याही दावणीला बैल राहत नाहीं, हें आम्हींही पाहिलें आहे. आपण होऊन तंटा उकरूं नये, गांवांत मिटत असेल तर मिटवावा, हें शंभर वेळां कबूल. परंतु आपण कोर्टाची पायरी चढलों नाहीं, तरी कोर्ट आपल्या घराची पायरी चढतें, त्याचें काय? बेलिफ समन्स घेऊन येतो. तलाठ्याची फेरफाराची नोटीस येते. चुलतभाऊ वाटणीचा दावा लावतो. बँक जप्तीचा कागद धाडते. त्या दिवशीं दार लावून घरांत बसणें हें शहाणपण नव्हे.

आपल्याच मुलुखांतला दाखला घ्या. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या लोकांना हवे होते कर्जरोखे व हुकूमनामे. ते हातीं लागले कीं जाळीत. कागदावर एवढा राग कां? सावकार दिवाणी कोर्टांत फिर्याद लावी, कुणबी भीतीनें किंवा अज्ञानानें हजर होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन शेत जाई. सरकारनें कमिशन नेमलें. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, व रोख्याच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा कोर्टास मिळाली. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. कोर्टकचेऱ्यांच्या दारांत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, हें त्यांत सांगितलेलें आहे. तेव्हांपासून सावकार बदलला, राज्य बदललें, कायदेही बदलले. एकतर्फी हुकूमनामा मात्र आजही कायद्यांत आहे. जो हजर राहत नाहीं, त्याच्या पाठीमागें निकाल होतो.

आतां मुदतींचा हिशेब ऐका. हा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. दिवाणी दाव्याचें समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपली कैफियत द्यावी, असें दिवाणी कायदा सांगतो. न्यायाधीश कारण नोंदवून ती मुदत वाढवूं शकतात, पण वाढवून मिळेलच या भरंवशावर राहूं नये. एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यावयास १५ दिवस. तहसीलदार किंवा प्रांत यांच्या हुकुमावर अपील करावयास १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणें ६० दिवस. कोणी वहिवाटीचा रस्ता अडविला, पाटाचें पाणी तोडलें, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं ६ महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. आणि कारागीर बंधूंनो, केलेल्या कामाची उधारी थकली असेल, तर साधारणपणें ३ वर्षांनंतर कोर्ट ती वसूल करून देत नाहीं.

कैफियतीचे हे ३० दिवस जातात कोठें? आम्ही शाळामास्तर. गांवांत कोणाच्या घरीं सरकारी कागद आला कीं तो वाचावयास आमच्याकडे येतो. पण बहुधा उशिरां येतो. एक सुतार गृहस्थ असेच आले. भावानें घर व कामाची जागा यांवर दावा लावला होता. समन्स देवाच्या तसबिरीमागें ठेवलें होतें. आधीं घरांत पुतणीचें लग्न होतें. मग मेहुण्याला विचारावयाचें म्हणून आठ दिवस गेले. मेहुणा म्हणाला, कांहीं होत नाहीं, पाहूं. आमच्यापुढें कागद आला तेव्हां मुदतीचे चार दिवस उरले होते. ते म्हणाले, “मास्तर, चांगला वकील सांगा.” आम्हीं दोन नांवें सांगितलीं, एक वकील बाहेरगांवीं होते, दुसऱ्यांनीं भावाचें वकीलपत्र आधींच घेतलेलें होतें. मग कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानांत जो भेटला त्याच्या मागून हे गेले. त्यानें कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, पैसे घेतले, पावती दिली नाहीं. कैफियत गेलीच नाहीं. एकतर्फी निकाल झाला. तो रद्द करून घ्यावयास पुढें दुसरा वकील करावा लागला, आणि त्या पायीं घरांतल्या बाईच्या गळ्यांतली पोत मोडली. मंडळी, हा सुतार मूर्ख नव्हता. लांकडाची गांठ हाताच्या स्पर्शानें ओळखणारा तो माणूस. पण चार दिवसांत कोणालाही माणूस ओळखतां येत नाहीं.

बैल घेतांना आपण काय करतों? दांत पाहतों, चालवून पाहतों, औताला जुंपून पाहतों, मालकाच्या गांवीं चौकशी करतों. आणि ज्याच्या हातीं आपली सगळी जमीन द्यावयाची, तो माणूस आपण घाबरलेल्या घटकेला निवडतों. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात तें हेंच.

त्या घाबरलेल्या घटकेचीच वाट पाहणारा एक वर्ग आहे. त्याला दलाल म्हणतात. तो एस. टी. स्टँडवर असतो, इस्पितळाच्या दारांत असतो, पोलीस ठाण्याबाहेर असतो. “साहेब माझ्या खिशांत आहेत, निकाल आणून देतो,” असें तो सांगतो. लक्षांत ठेवा, वकिलानें स्वतः किंवा दलालामार्फत कामें गोळा करूं नयेत, जाहिरात करूं नये, असा वकिलांच्या बार कौन्सिलचाच नियम आहे. अशा दलालांची यादी कोर्टानें लावावी ही तरतूद जुन्या १८७९ च्या वकिलांच्या कायद्यांत होती, आणि २०२३ सालच्या दुरुस्तीनें ती १९६१ च्या वकील कायद्यांत आलेली आहे. सबब जो आपण होऊन तुमच्याकडे धांवत येतो, त्याला नमस्कार करून वाटेस लावावें. निकालाची हमी देणारा वकील, वकील नव्हेच. निकाल न्यायाधीश देतात.

मग चांगला वकील शोधावा कसा? काम नसलेल्या दिवशीं शोधावा. तालुक्याचें कोर्ट सर्वांना खुलें आहे. सहसा कोणासही मागच्या बांकावर बसून ऐकतां येतें. खताच्या गोणीसाठीं तालुक्याला गेलां कीं तासभर तेथें बसा. कोणता वकील पुकारा होतांच उभा राहतो, कोणाच्या हातांत कागद तयार असतात, कोण प्रत्येक वेळीं नुसती पुढची तारीख मागतो, हें न शिकलेल्या माणसालाही तासाभरांत कळतें.

दुसरें, लोकांना विचारा. पण खटला जिंकलेल्याला विचारूं नका. जिंकलेला माणूस वकिलाला देव म्हणतो. जो हरला त्याला विचारा कीं, तुझ्या वकिलानें तुला आधीं काय सांगितलें होतें? तुझी बाजू लंगडी आहे असें बजावलें होतें काय? तारखा कळवीत होता काय? हरल्यावर कागद नीट परत दिले काय? हरलेला माणूसही ज्याला चांगला म्हणतो, त्याचें नांव लिहून ठेवा. आणखी एक युक्ति आहे. ज्याचा खटला झाला त्याला विरुद्ध बाजूच्या वकिलाविषयीं विचारा. शत्रूच्या वकिलाचेंही जो भलें बोलतो, तो बहुधा खरें बोलत असतो.

तिसरें, कामाची जात पाहा, माणसाची नको. दिवाणी, फौजदारी आणि महसुली ही तीन निराळीं कामें आहेत. लोहारानें मडकें करूं नये. पण आपले लोक विचारतात, वकील आपल्यापैकीं आहे काय? पाव्हण्यांतला आहे काय? बंधूंनो, ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यास दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला व खालच्या कोर्टांत शिक्षा झाली. १९२६ सालीं अपिलांत त्यांच्या वतीनें उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि आरोपी सुटले. जवळकर-जेध्यांनीं आपल्या जातीचा वकील हुडकीत वेळ घालविला नाहीं. कायदा जाणणारा व निर्भय असा माणूस पाहिला. आपल्या जातीचा लबाड वकील हा परजातीच्या लबाडापेक्षां अधिक नाडतो, कारण त्याला पावती मागावयाची आपल्याला लाज वाटते.

चौथें, एक लहान काम देऊन पाहा. सात-बारा व जुने फेरफार वाचून घ्या. खरेदीखतावर सही करण्याआधीं तें दाखवा. घराच्या जागेचा कागद तपासून घ्या. या कामाची फी द्या. फुकट सल्ला मागूं नका. जो वकील लहान कामांत शब्द पाळतो, समजेल अशा मराठींत समजावून सांगतो, आणि “या बाबतींत दावा करण्यासारखें कांहीं नाहीं, घरीं जा” असेंही सांगूं शकतो, तो मोठ्या कामाला उपयोगी पडेल. आणि बार कौन्सिलची सनद आहे काय, नंबर काय, हें विचारावयास भिऊं नका. सनदेवांचून कोर्टांत वकिली करतां येत नाहीं. खरा वकील या प्रश्नानें रागावत नाहीं.

घाई करण्याचें आणखी एक कारण आहे, तें गुपित नव्हे पण आपल्या ध्यानांत येत नाहीं. तालुक्यांत चांगले वकील थोडे. बँक, पतपेढी, कारखाना, गांवचा बडा जमीनदार यांचे वकील आधींच ठरलेले असतात. एका बाजूचा सल्लागार झालेल्या वकिलाला त्याच कामांत दुसऱ्या बाजूनें उभें राहतां येत नाहीं, असा नियमच आहे. सुताराच्या बाबतींत हेंच झालें. भाऊ आधीं पोहोंचला. विरुद्ध पक्ष कोर्टांत जाणार असा वास आला, तर आपल्यामागें मनाईहुकूम होऊं नये म्हणून कोर्टांत आधीं ‘कॅव्हेट’ नांवाचा अर्ज देऊन ठेवतां येतो, तो ९० दिवस चालतो. पण हा अर्ज त्यालाच सुचतो ज्याचा वकील आधीं ठरलेला आहे.

वकील ठरल्यावर पहिल्याच दिवशीं चार गोष्टी मोकळेपणानें बोलाव्या. फी किती व केव्हां. कोर्ट-फी व नकलांचा खर्च वेगळा किती. आणि दिलेल्या पैशाची पावती. जमीन मिळाली तर इतके गुंठे मला, मोबदला मिळाला तर इतका हिस्सा मला, असा सौदा वकिलाला करतां येत नाहीं. तसें कोणी म्हणाल्यास उठून या. वकीलपत्र वाचवून घेऊन मगच सही किंवा अंगठा करा; कोऱ्या कागदावर कधींही नाहीं. अस्सल कागद घरीं ठेवा, वकिलास नक्कल द्या. अस्सल द्यावाच लागला तर लिहून घ्या. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवतां येत नाहींत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. खटला दाखल झाला कीं त्याला सोळा आंकड्या-अक्षरांचा सी. एन. आर. नंबर मिळतो, तो मागून घ्या. शाळेंत जाणारी तुमची मुलगी मोबाईलवर त्या नंबरानें पुढची तारीख पाहून सांगेल. मग “तारीख पडली” या दोन शब्दांवर कोणी तुम्हांला वर्षभर फिरवूं शकणार नाहीं. गैरवर्तन झालेंच, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करतां येते.

उलट बाजूही ऐकून घ्या, कारण दोष नेहमीं वकिलाचाच नसतो. आपण वकिलापासून अर्धी गोष्ट लपवितों. आजोबानें शेत गहाण टाकलें होतें हें सांगत नाहीं, आणि तें कोर्टांत विरुद्ध पक्षाच्या तोंडून निघतें. वकिलास विश्वासानें सांगितलेली मागची हकीकत तुमच्या परवानगीवांचून त्याला बाहेर सांगतां येत नाहीं, असें कायदा म्हणतो. तेव्हां त्याच्यापुढें पोट उघडें करावें. आणि ठरलेली फी वेळेवर द्यावी. फी बुडविणारा अशील चांगल्या वकिलाला गमावतो व दलालाच्या हातीं जातो.

कोणी म्हणेल, मास्तर, हें सगळें पैसेवाल्यांचें बोलणें झालें. तसें नाहीं. १९८७ सालचा विधि सेवा कायदा १९९५ पासून अंमलांत आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतले कामगार, पूर-भूकंपांत सांपडलेले, आणि कोठडींत असलेला माणूस यांना उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते, तेथें अर्ज करावा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा. त्या वकिलानें तुमच्याकडून फी घ्यावयाची नसते. पण तेथेंही आधीं जाऊन ओळख करून ठेवा. लोकअदालतींत तंटा मिटवितांना मात्र नीट समजून सही करा, कारण त्या निवाड्यावर अपील नाहीं.

आयाबहिणींनो, तुमच्यासाठीं दोन शब्द वेगळे. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळालेला आहे. पण भाऊ राखीपौर्णिमेला साडी देतो आणि त्याच आठवड्यांत हक्कसोडपत्रावर सही मागतो. भावासाठीं हक्क सोडावयाचा कीं नाहीं, हें तुमचें तुम्ही ठरवा. त्यांत मास्तरानें बोलूं नये. आमचें सांगणें इतकेंच कीं, सहीच्या आधीं तो कागद भावाच्या वकिलाखेरीज दुसऱ्या वकिलाला दाखवा. विधवा बाईनें तर नवऱ्याच्या दिवसांच्या गर्दींत कोणत्याच कागदाला अंगठा लावूं नये. स्त्रीला वकील फुकट मिळतो हें आतांच सांगितलें, तें विसरूं नका.

शेवटची गोष्ट पोलिसांची. घरचा तरणा मुलगा मारामारींत सांपडला आणि रात्रीं त्याला नेलें, तर काय कराल? राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणें त्याला कां पकडलें हें सांगावें लागतें, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें लागतें. हक्क घटनेंत आहे. पण रात्रीं दोन वाजतां फोन कोणाला करावयाचा, हें घटनेंत लिहिलेलें नाहीं. तें तुमच्या घरांतल्या भिंतीवर लिहिलेलें असलें पाहिजे.

म्हणून आमची विनंती आहे कीं, पुढच्या बाजारापर्यंत प्रत्येक घरानें तीन कामें करावीं. सात-बारा, फेरफार, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, कर्जाचे कागद हे सर्व एका कापडांत बांधून एक दप्तर करावें, आणि तें कोठें आहे हें घरांतल्या बाईलाही ठाऊक असावें. एक दिवाणी-महसुली व एक फौजदारी अशा दोन वकिलांचीं नांवें चौकशी करून लिहून काढावीं व त्यांना एकदां भेटून यावें. आणि कोर्टाचा कागद येईल तो ज्या दिवशीं आला ती तारीख त्याच्यावर घालून दुसऱ्या दिवशीं वकिलाच्या हातांत द्यावा. देवाच्या तसबिरीमागें ठेवूं नये. देवाला कैफियत लिहितां येत नाहीं.

ज्यांना हीं नांवें काढावयास सोबत हवी असेल, त्यांच्याबरोबर रविवार सोडून कोणत्याही सुटीच्या दिवशीं तालुक्याच्या कोर्टांत यावयास आम्ही तयार आहों; मात्र ती सुटी शाळेची असावी, कोर्टाची नसावी.